आमच्या घराकडे लावलेले फादर

फादर, तुमच्या अंत्यविधीच्या मिस्सेत मला बोलायचं होतं. "त्यांच्या जुन्या धर्मग्रामातून कोणी दोन शब्द बोलणार आहे का?" असं माइकवरून विचारलं आणि माझ्या भावानं, पौलसदादानं, मला कोपरानं ढोसलं. मी उठले नाही. तुम्ही मला ओळखता, मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. पण आपलं भांडण मिटलेलं नव्हतं. ते तसंच लोंबकळत असताना तुमच्या पेटीशेजारी उभं राहून 'मत्तय फादर फार मायाळू होते' असं म्हणणं माझ्या जिवावर आलं. मायाळू तुम्ही होतातच. पण त्या दिवशी मला तुमचा राग येत होता, आणि गेलेल्या माणसाचा राग चारचौघांत दाखवता येत नाही.

म्हणून आता बोलते. आमची ऊसतोडीची टोळी गावी परत आली आहे, बंद घरं उघडली आहेत, आई अंगणात मिरच्या वाळत घालते आहे. मी ओट्यावर बसून लिहिते आहे आणि तुम्ही मधेच "हे बग रूथबाई" म्हणून माझं वाक्य तोडत नाही. त्याची सवय व्हायला वेळ लागेल.

इथून तुमची बदली झाली, तो निरोपाचा दिवस आठवतो? इतर गावांत फादर निघाले की शाल, नारळ, भाषणं, रडारड. आपल्याकडं तुम्ही नव्या गावाचं नाव सांगितलं आणि मागच्या बाकावरून सोपानमामा ओरडला, "फादर, तितून कारखाना कोन्ता जवळ हाय?" पाहुणे म्हणून आलेले दुसरे फादर फिसकन हसले. तुम्ही हसला नाहीत. चष्मा सारखा करून म्हणालात, "मामा, म्या इचारून ठेवलंय. रस्त्यावरच हाय." सगळ्या चर्चनं टाळ्या वाजवल्या. केरळातून आलेल्या माणसाला पाहुण्यांसमोर इतकं पक्कं बीडचं बोलताना ऐकून माझी आई पदराआड हसत होती, कारण ते बोलणं तिनंच तुम्हाला शिकवलं होतं.

बाहेरच्या माणसाला तो प्रश्न वेडेपणाचा वाटेल. पण पाटोद्याच्या पलीकडच्या या माळावर दिवाळी झाली की दारादाराला कुलूप लागतं. कड्याला कारखाना आहे, माजलगावच्या धरणाखाली ऊसच ऊस आहे, तरी आमच्या टोळ्या पूर्वापार कृष्णेच्या पट्ट्यात तोडीला जातात आणि होळीच्या मागेपुढे परततात. नाताळ नेमका मधे येतो. येशूबाळ जन्माला येतं तेव्हा त्याच्या चर्चमध्ये म्हातारेकोतारे, त्यांच्या शेळ्या आणि फादर, एवढीच मंडळी. बाकीचं धर्मग्राम उसात. तेव्हा मागं कधीतरी कुणीतरी युक्ती काढली, की ज्या जुन्या फादरची बदली कारखान्याजवळ झाली असेल त्याला टोळीनं फोन करायचा आणि त्यानं कोप्यांवर, आमच्या पाचटाच्या झोपड्यांवर, येऊन नाताळची मिस्सा करायची. ज्यांची बदली नुसत्याच शहरात होते, त्यांच्याबद्दल आमच्या म्हाताऱ्या अजून हळहळतात. "चांगला मानूस व्हता, वाया गेला," म्हणतात.

आणि गेलेला फादर हातचा सुटू नये म्हणून त्याला एका घराकडे लावून द्यायचं. शेळी राखोळीला, दुसऱ्याकडे सांभाळायला देतात, तसं. मग सणाला फोन करणं, गावातलं जन्ममरण कळवणं, बाजरी आणि कारळाची चटणी पोचवणं आणि फोन उचलला नाही तर रागावणं, हे सगळं त्या घराचं काम. तुमच्या निरोपाच्या जेवणात तुम्हाला कुणाकडे लावायचं यावर जरा वादच झाला. आई भाकरीचं टोपलं खाली ठेवून म्हणाली, "हा फादर मला द्या. ह्याला चटनी तरी खाता येती." तुम्ही पानावरून उठून तिला नमस्कार केलात. त्या दिवसापासून तुम्ही आमच्याकडचे.

आपली भांडणं तेव्हाही होतीच. तुम्ही प्रवचनात 'लई' आणि 'न्हाई' म्हणायचात, मी बाहेर येऊन टोकायची, की फादर, वेदीवरून तरी नीट बोला, मी शाळेत पोरांना शुद्धलेखन शिकवते आणि तुम्ही रविवारी त्यावर पाणी ओतता. तुम्ही म्हणायचात, "बाई, देवाला कळतंय, आजीला कळतंय, मंग तुलाच कावून आडचन?" मी साखरशाळेत, तोडीवरच्या पोरांच्या शाळेत, शिकवायला टोळीबरोबर निघाले, तेव्हा आधी सगळ्यांत जास्त विरोध तुमचाच. शिकलेली पोरगी पुन्हा उसात कशाला, म्हणून तुम्ही दादाला, आईला, मला, तिघांनाही वेगवेगळं गाठून बोललात. आणि मी गेल्यावर पहिल्या नाताळला स्कूटरवर पाटीचे खडू, फळ्याचा रंग आणि एक मोठा नकाशा बांधून तुम्हीच आलात. नकाशात पोरांनी पहिल्यांदा बीड शोधलं, मग केरळ. तुमचं गाव एवढं लांब बघून आमच्या शेजारच्या गयाबाईचा धाकटा म्हणाला, "फादर, तुमी तोडीला लई लांब आलते की."

तुम्ही त्या दिवशी पोट धरून हसलात. ते हसणं मला नीट आठवतं, कारण नंतरच्या आठवणींत ते नाही.

आता त्या नाताळवर येते. यंदाच्या नव्हे, त्याच्या आदल्या. दुपार कलत होती. गाड्या भरायला वेळ होता म्हणून मिस्सा तेव्हा ठेवली होती. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं फळकं खाली पाडून त्यावर चादर टाकली, ती वेदी. पोरांनी कागदाचे तारे कोप्यांना लावले होते. गव्हाणी करायला पाचट कुठून आणायचं हा प्रश्न आपल्याकडं नसतोच. शेजारच्या कोपीतली गयाबाई तुमच्या कपाळाला भंडारा लावून गेली. तिचं सासर धनगराचं, घरची मेंढरं सासू-सासऱ्यांवर सोडून ती नवऱ्याबरोबर तोडीला येते. टोळी गावातून निघताना ती ट्रॅक्टरला, बैलांना, मुकादमाला, जो दिसेल त्याला भंडारा लावते, तशी तुम्हालाही पहिल्यापासून लावायची. तुम्ही मान पुढे करायचात. पिवळ्या कपाळानं तुम्ही मिस्सा करायचात आणि आमच्यातल्या कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

ख्रिस्तप्रसाद वाटून झाला होता, तेवढं तरी बरं. मोटारसायकली आल्या. पोरं त्या भागातलीच, आपल्या साखरशाळेतल्या मोठ्या मुलांपेक्षा फार मोठी नसतील. उतरल्या उतरल्या मोबाईल काढून धरले.

"काय चाललंय इथं? कुणाला विचारून?"

"नाताळ हाय आमचा," दादा म्हणाला.

"किती जणांना बाटवलं आज?"

गयाबाई मोळ्या बांधून तशीच आली होती, कोयता हातातच होता. ती पुढं झाली. "ओ भाऊ, आवाज खाली घ्या. आमच्या गावचे फादर हायेत ते."

"तू आमच्यातली ना? मग हितं काय करतीस?"

"बगा की त्यांच्या कपाळाकडं," गयाबाई म्हणाली. "भंडारा मी लावलाय. आता तुमीच सांगा, कुनी कुनाला बाटवलं?"

सगळी टोळी हसली. तिथंच बिघडलं. हसं झालेल्या पोरांना मागं फिरता येईना. एकानं गयाबाईच्या तोंडाजवळ मोबाईल नेला, तिनं हात वर केला, त्या हातात कोयता. दादा मधे सरकला. सोपानमामाचा पोरगा म्हणाला, "हो बे मागं." मी पोरांना कोपीत ढकललं आणि बाहेर आले, तर तुम्ही मिस्सेचा झगा उतरवून हातावर घेतला होता.

"मी जातो," तुम्ही त्या पोरांना म्हणालात. "या टोळीवर मी परत उपासनेला येणार नाही. माझा शब्द आहे. आता मोबाईल खाली घ्या."

एवढं शुद्ध मराठी मी तुमच्या तोंडून तोवर ऐकलं नव्हतं. तुम्ही चादर घडी केलीत, पेला गुंडाळलात, पिशवी स्कूटरला लावलीत आणि निघालात. चुलीवर तुमच्यासाठी केलेला कोंबडीचा रस्सा तसाच होता. पोरं गेली. गयाबाई ट्रॉलीच्या चाकापाशी बसली. मग मला म्हणाली, "बाई, मी त्यांच्यासाठी हुबी ऱ्हायले. आन् फादरनं मान खाली घातली."

फादर, आपलं भांडण एवढंच आहे. तुम्ही शब्द दिलात तो आमच्या नाताळचा होता, आणि देताना आम्हाला विचारलं नाहीत. मला एकच जाणून घ्यायचं होतं, की तेव्हा तुम्ही कुणासाठी भ्यालात. आमच्यासाठी, की तुमच्या स्वतःसाठी?

हे मी तुम्हाला फोनवर विचारलं, तुम्हाला आठवत असेल. तुम्ही चिडलात.

"त्यांच्या हातात मोबाईल होते, बाई. गयाबाईचा कोयता वर गेल्ता. तेवढंच दाखवलं असतं सगळीकडं. मंग पोलीस कुनाला घेऊन गेले असते? मला?"

"ते आम्ही बघितलं असतं."

"काय बघितलं असतं? तिची पोरं कोनी बघितली असती?"

"तिला विचारायचं होतंत."

"तितं इचारायला टाइम व्हता का?"

"दुसऱ्या दिवशी होता, फादर. तिसऱ्या दिवशी होता."

तुम्ही आईची चौकशी केलीत आणि फोन ठेवलात. सगळं वर्ष असंच गेलं. तुम्ही आमच्याकडे लावलेले, म्हणून फोन करणं माझं काम. मी ते चुकवलं नाही. ईस्टरला केला, सोपानमामा वारला तेव्हा केला, आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा केला. दर वेळी सगळं बोलून झाल्यावर आपण त्याच जागेवर येऊन अडायचो आणि दोघंही घाटात बंद पडलेल्या गाडीसारखे उभे राहायचो.

दादा टोळीचा मुकादम, यंदा त्यानं कारखानाच बदलला. तुमच्या गावापासून दूरचा, पण येण्याजोगा. डिसेंबरात मी तुम्हाला रीतसर बोलावणं केलं. मला वाटलं होतं, जागा नवी, माणसं नवी, आता तुम्ही याल.

"म्या शब्द दिलाय, रूथबाई."

"तो त्या शेतावर दिलात. हे शेत वेगळं आहे."

"शब्द टोळीचा दिला व्हता, शेताचा न्हाई."

"त्या टग्यांना दिलेला शब्द एवढा मोठा? आणि आमच्याशी इतकी वर्षं बोलून ठेवलेलं काहीच नाही?"

"शब्द कोनाला दिला त्यावर ठरत नसतं," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज दमलेला होता. मला तेव्हा तो दमलेला वाटला नाही, हट्टी वाटला.

नाताळला आम्हीच जमलो. मी फोनवरून वाचन केलं, दादानं प्रार्थना म्हटली, बायकांनी गाणी म्हटली. मिस्सेविना नाताळ मी त्याआधी पाहिला नव्हता. पेल्याच्या जागी रिकामी चादर बघून पोरं सांभाळायला टोळीबरोबर आलेली म्हातारी शांताबाई विचारत होती, "फादर कुटवर आलेत?" तिला कुणी सांगेना. तेवढ्यात तुमचा फोन आला. दादानं स्पीकरवर टाकला तर तुम्ही म्हणालात, स्पीकर नको, एकेकाकडं द्या. मग तो फोन सगळ्या टोळीत हातोहात फिरला. तुम्ही प्रत्येकाशी नाव घेऊन बोललात. शांताबाईचा गुडघा, पोरांच्या परीक्षा, कुणाची सून बाळंत झाली. गयाबाई फोन घेऊन लांब उसाच्या कडेला गेली आणि पदरानं डोळे पुसत आली. काय बोललात ते तिनं मला आजवर सांगितलेलं नाही. शेवटी फोन माझ्याकडं आला.

"बाई, तू बोलनार न्हाईस का?"

"बोलतेय की."

"मंग बोल."

मी म्हटलं, "जेवलात का?" तुम्ही म्हणालात, "जेवलो." मी वाट बघत होते, तुम्ही बोलाल. तुम्ही बहुतेक माझी वाट बघत होतात. आपण दोघेही तोंडाळ, आणि ऐन वेळी दोघांच्याही तोंडाला कुलूप. मग बॅटरी संपत आल्याचं निमित्त झालं.

हंगाम संपायला आठवडाभर राहिला असताना गावाहून डेनिस फादरांचा फोन आला. तुमच्यानंतर इथे आलेले हे वसईचे तरुण फादर. त्यांच्याशी आमचं तोवर जेमतेमच. त्यांचं म्हणणं, "माझ्या धर्मग्रामाचा नाताळ सगळीकडे होतो, फक्त माझ्याकडे होत नाही," आणि ते खरंही होतं. ते म्हणाले, सकाळची मिस्सा करून तुम्ही चर्चच्या पायरीवर बसलात आणि तिथून उठलाच नाहीत. मी फोन दादाकडं दिला. दादानं ऐकलं, उसात जाऊन हाळी दिली, "कोयता बंद." कारखान्याचा चिटबॉय गाड्यांची नोंद घेत उभा होता, तो बोंबलायला लागला, की गाडी अर्धी भरलीय, वर काय सांगू? दादा म्हणाला, "सांग, घरचं मानूस गेलंय." आणि ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली.

तुमचं चर्च मोठं. माणसं पांढऱ्या कपड्यांत. आम्ही पाचटानं ओरखडलेल्या हातांनी, काळ्या पडलेल्या कपड्यांनी आत शिरलो तेव्हा दारातल्या गृहस्थांनी सभ्यपणानं विचारलं, "आपण कोण?" दादा म्हणाला, "आमी त्यांचं जुनं गाव." डेनिस फादर इथल्या म्हाताऱ्यांना जीपमध्ये घालून रात्रभर गाडी चालवून आधीच पोचले होते. आई पुढच्या बाकावर बसली होती, मांडीवर चटणीचा डबा. मी विचारलं, हा कशाला आणलास? ती म्हणाली, "सवयीनं."

अंत्यदर्शनाला रांग लागली. गयाबाई माझ्या पुढं होती. पेटीपाशी गेल्यावर तिनं कमरेची पुरचुंडी सोडली आणि मला काही कळायच्या आत तुमच्या कपाळाला भंडारा लावला, दर वर्षी लावायची तसाच, अंगठ्यानं, वरून खाली. चर्चमध्ये एकदम कुजबूज झाली. तिथली एक बाई रुमाल काढून लगबगीनं आली पुसायला. गयाबाई पेटीला खेटून उभी राहिली, हलेना. मला वाटलं, आता इथंही तेच होणार, आणि आज तर मान खाली घालून मिटवायला तुम्हीही नाही.

डेनिस फादर वेदीवरून उतरले. तुमच्याकडं बघितलं, गयाबाईकडं बघितलं आणि त्या बाईंना म्हणाले, "राहू द्या. ते त्यांच्या धर्मग्रामाचं आहे." बाई थांबल्या. झाकण लावलं तेव्हा तुमचं कपाळ पिवळंच होतं.

दफन झाल्यावर सगळे चहाला गेले. डेनिस फादर माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "रूथताई, तुम्हाला एक सांगायचं राहिलंय. डिसेंबरात मत्तय फादरांनी मला फोन केला होता."

मी म्हटलं, कशासाठी?

"मला म्हणाले, 'टोळीवर तू जा. शब्द म्या दिलाय, तू दिलेला न्हाईस.' दोन-तीनदा केला फोन. मी म्हटलं, फादर, माझे म्हातारे इथे आहेत, नाताळला त्यांना कुणाच्या भरवशावर टाकू? मग म्हणाले, 'ते बी खरं हाय.'"

मी डेनिस फादरांवर चिडले, मग तुमच्यावर, मग कुणावर चिडायचं तेच समजेना. फादर, हे तुम्ही मला का नाही सांगितलंत? नाताळच्या फोनवर मी 'जेवलात का' विचारत होते, तेव्हा एवढं एक वाक्य तुम्हाला सांगता आलं नसतं का? तुम्ही तुमचा शब्द मोडत नव्हतात आणि आमचा नाताळही सोडत नव्हतात. फटीतून वाट काढत बसला होतात. ती वाट दुसऱ्या बाजूनं बंद निघाली, म्हणून माझ्याकडं ती बोलणं तुम्हाला कमीपणाचं वाटलं असेल. की मला डेनिस फादरांचा राग येईल म्हणून? आता हेही मला माहीत होणार नाही. तुम्ही त्या दुपारी कुणासाठी भ्यालात, हेही नाही. मात्र आता तो प्रश्न पूर्वीसारखा टोचत नाही. भ्यालाही असाल. चारी बाजूंनी मोबाईल रोखलेले असताना कोण भीत नाही?

गावी परतल्यावर पहिल्याच रविवारी मिस्सेनंतर वऱ्हांड्यात बैठक झाली. सोपानमामाचा पोरगा आता बापाच्या जागी बोलतो. तो सहज म्हणाला, "तुमच्याकडले फादर गेले. तुमचं घर मोकळं झालं. डेनिस फादरची बदली झाली की त्यांना तुमच्याकडंच लावू." डेनिस फादर तिथंच उभे होते, बिचारे हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी म्हटलं, "आमचं घर मोकळं नाही. आमच्याकडं फादर आहेत." आई म्हणाली, "बरोबर हाय."

आणि परवा दादा पाटोद्याला गेला होता. पुढच्या हंगामाचे कारखाने ठरायला लागले आहेत. संध्याकाळी आला, दारात पाय धुता धुता म्हणाला, "तोच घेतला."

"कोणता?"

"फादरच्या गावाचा. तेच्याच रस्त्यावरचा."

"अरे, तीच पोरं असतील तिथं."

"असू दी."

"टोळीला विचारलंस?"

दादा तोंड पुसत राहिला. म्हणजे नाहीच. तुमचाच चेला. मी त्याला चांगलं फैलावर घेतलं, की एका माणसानं न विचारता सगळ्यांचं ठरवलं म्हणून सगळं वर्ष मी भांडत बसले, आणि आता घरातच तेच! भिंतीपलीकडून गयाबाईनं ऐकलं असावं. ती आली, उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "मला इचारलं असतं तर म्या हेच सांगितलं असतं. पर मुकादम, इचारायला पायजे व्हतं." मग दादा उठला आणि घरोघर जाऊन विचारून आला. एकही घर नाही म्हणालं नाही.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मृतांचा दिवस येतो. दर वर्षी आम्ही इथल्या कबरी झाडून, सारवून, मेणबत्त्या लावतो आणि मग ट्रॅक्टर निघतात. या वेळी इथलं आटोपून निघायचं आणि वाटेत तुमच्याकडं, तुमच्या कबरीशी, उतरायचं असं ठरलं आहे, सगळ्या टोळीनं, पोराबाळांसकट. डेनिस फादर म्हाताऱ्यांना घेऊन जीपनं येतो म्हणाले आहेत, तिथली मिस्सा तेच करतील. गयाबाई पुरचुंडी बांधणार. आई चटणी देणार आहे, ती कुणी खायची ते तिथं बघू. मोटारसायकली येतील, मोबाईल निघतील, मला त्याची धास्ती आहेच. आणि तुम्ही असतात तर म्हणाला असतात, रूथबाई, नका येऊ, कशाला उगी आगीत हात घालता.

पण फादर, या टोळीवर येणार नाही असा शब्द तुम्ही दिला होता, आणि तो तुम्ही पाळलात. तुमच्याकडे येणार नाही असा शब्द आमच्यातल्या कुणीच दिलेला नाही.